मुंबईस गेलेली माणसे आणि 'मूळ गाव' हा रकाना
(ज्ञातिमंडळाच्या नळदुर्ग येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी केवळ मॅट्रिक झालेला, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत पोरांकडून पाढे घोकवून घेतलेला मनुष्य. इतिहाससंशोधनासारख्या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही, हे मी जाणतो. परंतु गेल्या संमेलनात ज्ञातिसूची तयार करण्याचे काम मजकडे सोपविण्यात आले आणि त्या कामात अशी एक अडचण उभी राहिली, की तिचा उलगडा करून घेण्यासाठी मला एका इतिहासकाराच्या दारी जावे लागले. त्या अडचणीची व त्या संशोधनाची हकीकत यथामति आपल्यापुढे ठेवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

अडचण अशी. सूचीच्या छापील कागदावर 'मूळ गाव' असा एक रकाना आहे. मुंबई, ठाणे, भिवंडी, पुणे येथून जे कागद भरून आले, त्यांतील कित्येकांचा जन्म तिकडचा, त्यांच्या आईवडिलांचाही जन्म तिकडचा. येथे त्यांचे घर नाही, शेत नाही, बोरी नदीचे पाणी त्यांनी दोनदा-चारदा जत्रेपुरते पाहिलेले. तरीही रकान्यात त्यांनी न चुकता 'नळदुर्ग' असे लिहिले आहे. उलट तीन पिढ्या आपल्याच पेठेत राहणाऱ्या एका कुटुंबाने तेथे 'अक्कलकोट' असे लिहिले. कार्यकारी मंडळापुढे हे कागद ठेवताच वाद सुरू झाला. ज्यांचे गावी घर नाही त्यांची नावे पुरवणीत छापावीत आणि मंडळाच्या निवडणुकीत त्यांस मत असू नये, अशी सूचना पुढे आली. तिच्यावर दोन बैठका झाल्या, चहा चार वेळा झाला आणि अखेर निर्णय मास्तरांनीच सुचवावा असे ठरले. मास्तर म्हणजे मी.

त्याच सुमारास पुण्याच्या कॉलेजात शिकणारी माझी नात सुट्टीत आली. तिने माझी चिंता ऐकून घेतली आणि पुढच्या खेपेस ग्रंथालयातून सुमारे साडेचारशे पानांचा एक इंग्रजी ग्रंथ आणून माझ्यापुढे ठेवला. ग्रंथकर्ते राजनारायण चंदावरकर. सन १९५३ चा त्यांचा जन्म. केंब्रिज विद्यापीठात ते इतिहासाचे अध्यापन करीत असत आणि तेथील दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राचे ते संचालक होते. सन २००६ मध्ये, पन्नाशी ओलांडून फार वर्षे झाली नसतानाच, त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचा हा ग्रंथ सन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सन १९०० ते १९४० या काळातील मुंबईचे गिरणीमालक आणि गिरणीकामगार हा त्याचा विषय. शब्दकोश शेजारी ठेवून, दिवसाकाठी चार पाने या गतीने मी तो वाचला. काही भाग समजला नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. परंतु जो समजला त्यात मला आमच्या घरची माणसे भेटली.

मुंबईची सात बेटे, कोळीवाडे, पोर्तुगीज राजकन्येचे आंदण इत्यादी हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. आपणांस एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे की मुंबई हे मुळात बंदर. बंदरास माल लागतो आणि माल उचलावयास माणसे लागतात. सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या दख्खनच्या व वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. सन १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. ससून गोदी सन १८७५ मध्ये व प्रिन्सेस गोदी सन १८८० मध्ये बांधून झाली. तत्पूर्वीच, सन १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी ताडदेवास पहिली कापडगिरणी स्थापन केली होती. सन १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. सन १९२१ च्या शिरगणतीत ती पावणेबारा लाखांच्या घरात गेली. त्या पावणेबारा लाखांत मुंबईतच जन्मलेले किती होते? शेकडा सोळा. म्हणजे रस्त्यात सहा माणसे भेटली तर त्यांतील पाच जण कोठून तरी आलेली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशे! या शेवटच्या आकड्याकडे मी पुढे वळणार आहे.

आता चंदावरकरांच्या पूर्वी लोक काय म्हणत असत ते पाहू. सरकारी अहवालांचा, सन १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालाचाही, सूर साधारण असा असे, की हिंदी कामगार हा मनाने खेडूतच होय. दारिद्र्याच्या रेट्याने तो शहरात येतो आणि त्याचे लक्ष सदैव गावाकडे लागलेले असते. गिरणीमालकांना तर हे म्हणणे सोयीचेच होते. मजूर आज आहे, उद्या सुगीला निघून जाईल, मग त्याच्यासाठी चांगली घरे व कायमची नोकरी कशाला, असा त्यांचा सवाल असे. काही विद्वानांनी याच गोष्टीस 'मागासलेपण' असे नाव दिले होते.

चंदावरकरांनी हा तर्क उलटा करून दाखविला. त्यांच्या प्रतिपादनाचा मला समजलेला आशय असा. गिरणीतील नोकरीचा भरवसा नव्हता. बाजार पडला की पाळी बंद, साहेब बदलला की माणूस बदलला. पुष्कळ लोक तर दररोज पहाटे गिरणीच्या दारात 'बदली' म्हणून उभे राहत आणि काम न मिळाल्यास परत फिरत. अशा माणसाने गावाकडचा धागा तोडावा तरी कोणत्या हिमतीवर? आजारपण, म्हातारपण, बाळंतपण, संप या चारही वेळी त्यास गावाचाच आधार होता. आणि गावासही त्याचा होता. शेतसारा, सावकाराचे व्याज, बहिणीचे लग्न यांसाठी लागणारा रोख पैसा मुंबईहून येत असे. अर्थात मुंबईची खोली आणि गावचे घर ही दोन निराळी बिऱ्हाडे नव्हत. एकाच संसाराच्या दोन चुली होत्या. गाव न सोडण्यासाठीच माणसे गाव सोडून जात होती. हे वाक्य मी ग्रंथातून उचललेले नाही, परंतु त्याचे तात्पर्य हेच असे मला वाटते.

आणि येथे मला आमचे थोरले चुलते आठवले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

आबा सन १९३६ च्या सुमारास मुंबईस गेले. त्या वेळी आपले नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते. मध्यंतरी, सन १८५३ च्या तहान्वये, नळदुर्गाचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला होता व सन १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. गंमत पाहा, ज्या वर्षी हा मुलूख इंग्रजांकडे गेला त्याच वर्षी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. पुढे सोलापुरापर्यंत लोहमार्ग आला आणि सन १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे झाल्यावर सोलापूरहून मुंबईस जाणे सोपे झाले. आपल्या लोकांनी सोलापूरपर्यंत बैलगाडीने अथवा पायी जावयाचे व तेथून गाडी धरावयाची, असा परिपाठ पडला. पुष्कळजण सोलापुरासच राहिले, कारण तेथेही गिरण्या निघाल्या होत्या आणि हातमागाचा व्यवसाय तर जुनाच होता. काही जण पुढे गेले. आबा पुढे गेलेल्यांपैकी.

घरी दोन हातमाग होते. पांजणीचे काम आजी व आत्या करीत. परंतु गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आल्यापासून लुगड्याच्या मजुरीत सुताचाही खर्च भागेना. घर गहाण पडले होते. ते सोडवून आणण्यासाठी आबांस पाठविण्यात आले. दोन वर्षांत परत यावयाचे असे ठरले होते. ते चाळीस वर्षांनी परत आले.

आमच्याकडे तेव्हा हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि इंग्रज हद्दीत कलदार. कलदार रुपयास हाली रुपया पुरत नसे; सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार येत. त्यामुळे मुंबईची कमाई गावी आली की ती अंगाने थोडी भरत असे. आबांचे कलदार कोणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या कनवटीस बांधून येत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, परंतु हाली-कलदाराचा हिशेब ती पेठेतील कोणत्याही सराफाच्या आधी तोंडी करून मोकळी होई. त्या पैशांतून घर सुटले, पुढे त्यावर माडी चढली आणि माझ्या वडिलांचे व दोन आत्यांचे विवाह झाले.

मी मुंबईची ती खोली पाहिली आहे. सन १९७२ च्या दुष्काळात येथे विहिरी आटल्या, मोठी माणसे खडी फोडावयास जाऊ लागली आणि पोरांना शाळेत सुकडी मिळू लागली. तेव्हा मला आबांकडे मुंबईस धाडण्यात आले. डिलाईल रोडवरील एका चाळीत दहा बाय बारा फुटांची ती खोली. तीत सतरा जण राहत. सतराही जण एकाच वेळी कधी नसत. पहिल्या पाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच वळकटीवर आडवे होत. भिंतीला खुंट्या ओळीने, प्रत्येकाची एक. तीवर सदरा, पिशवी आणि एखादा देव्हाऱ्यातील देवाचा फोटो. जेवण समोरच्या खानावळीत. ती खानावळ एक सातारकडील विधवा बाई चालवीत असे व महिन्याचा हिशेब भिंतीवर कोळशाने मांडीत असे.

खोलीतील सर्व माणसे नळदुर्ग, अणदूर, जळकोट या बाजूची आणि बहुतेक आपल्याच ज्ञातीची होती. मला त्या वयात ते स्वाभाविक वाटले. गावची माणसे गावच्या माणसांपाशी राहणार, त्यात नवल ते काय? परंतु चंदावरकर येथेच थांबावयास लावतात. त्यांचे म्हणणे असे, की ही एकी माणसांनी गावाहून गाठोड्यात बांधून आणलेली नव्हती. ती शहराने घडविली. गिरणीत काम मिळवून देणारा जॉबर, उधारी देणारा वाणी, खोलीत जागा करून देणारा नातलग आणि तालमीतील वस्ताद यांच्यावाचून त्या शहरात पाऊल ठरत नसे. म्हणून माणसे ओळखीच्या दोऱ्या शोधीत. ज्या दोरीस जोर असे ती ज्ञात म्हणून, गाव म्हणून, प्रसंगी केवळ 'आपल्या बाजूचा' म्हणून घट्ट धरली जाई. गोव्याकडील ख्रिस्ती लोकांनीही मुंबईत गावोगावचे 'कूड' स्थापन केले होते. बोटीवर चढणाऱ्या व उतरणाऱ्या खलाशास तेथे आपल्या गावच्या माणसांत पेटी टेकावयास जागा मिळे. निराळा धर्म, निराळी भाषा, परंतु युक्ती तीच.

नावांचेही असेच. मुंबईत कामाठीपुरा नावाचा भाग आहे. हॉर्नबी वेलार्डचा बांध घातल्यानंतर जी सखल जमीन वर आली तीवर तेलुगु भाषा बोलणारे मजूर येऊन राहिले. त्यांतील पुष्कळजण निजामाच्या राज्यातील होते. मुंबईकरांनी त्या सर्वांस 'कामाठी' हे एकच नाव देऊन टाकले. वस्तुतः त्यांच्यात अनेक जाती होत्या व गावी त्यांचे रोटीबेटीचे व्यवहार एक नव्हते. घाटावरून आलेला तो 'घाटी', मग तो साताऱ्याचा असो वा नगरचा. आबा सांगत, की आम्हांस सुरुवातीस 'मोगलाईतले' म्हणत. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. गावी असताना आबांनी स्वतःस मोगलाईतला असे कधी म्हटले असेल असे मला वाटत नाही. मोगलाईत राहणारा मनुष्य ते कशाला म्हणेल? हे नाव त्यांना व्हिक्टोरिया टर्मिनसवर उतरल्यावर मिळाले. पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या व त्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला त्यांच्या हाती आला. सन १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, सन १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मोगलाईतले आबा एकाच खोलीत, त्याच खुंटीखाली बसल्याबसल्या मराठवाड्याचे झाले. जिल्ह्याचे नावही पूर्वी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, सन २०२३ पासून धाराशिव. सूचीतील जुने व नवे कागद मी एकत्र लावले तेव्हा एकाच घरातील तीन भावांनी जिल्हा निरनिराळा लिहिल्याचे दिसले.

आपल्या ज्ञातीचे काय? देवांग, हटकर वगैरे पोटभेद आपल्यात आहेत व पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यात सोयरीक होत नसे, हे येथील वृद्ध मंडळी जाणतात. शिरगणतीत मात्र आपण 'कोष्टी' या सदरात बसलो. सन १९०१ च्या शिरगणतीत रिस्ले साहेबाने जातींची सामाजिक पायरी ठरविण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा देशभर निरनिराळ्या ज्ञातींचे अर्जविनंत्या करण्याचे सत्र सुरू झाले. त्याच काळात मुंबईसारख्या शहरात ज्ञातिसभा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती फंड यांना बहर आला. प्रशांत किदंबी यांचा सन १८९० ते १९२० या काळातील मुंबईवर एक ग्रंथ आहे, सन २००७ चा. त्यात त्या काळच्या अशा नानाविध संस्थांच्या उद्योगांची माहिती सापडते. तेव्हा जिला आपण 'अनादि कालापासून चालत आलेली' म्हणतो, त्या आपल्या एकीस आगगाडीचा, छापखान्याचा आणि चाळीच्या खोलीचा पुष्कळच हातभार लागला आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण मला दिसत नाही. गुणी मूल कोणत्या वर्षी जन्मले हे समजल्याने त्याचे गुण काही उणे होत नाहीत.

परंतु त्या एकीची दुसरी बाजू मी लपविणे योग्य होणार नाही. आपल्या स्मरणिकांतून 'आपल्या बांधवांनी मुंबईच्या साचेखात्यात नाव काढले' असे वाक्य अनेकदा येते. ते खरे आहे. साचेखात्यात मजुरी कताईखात्यापेक्षा बरी असे आणि माग चालविण्याची विद्या आपल्या हाडीमासी खिळलेली होती. तथापि त्या खात्यात कोणास प्रवेश नव्हता, हे आपण छापीत नाही.

धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून ओढून घेण्यासाठी त्या काळी तोंडाने चोखावे लागे. एका धोट्यास आळीपाळीने अनेकांचे तोंड लागणार. म्हणून अस्पृश्य मानलेल्या समाजातील कामगारांस साचेखात्यात घेत नसत. त्यांना कताईखात्यात कमी मजुरीवर राहावे लागे. हे मालकाने लेखी फर्मान काढून केले होते असे नव्हे. साच्यावरचे कामगारच ते होऊ देत नसत, म्हणजे त्यात आपलेही लोक आले. सन १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनाही त्याचे उत्तर देणे जड गेले. चंदावरकर जॉबरच्या ओळखीचे, शेजाराचे, वशिल्याचे जे जाळे वर्णन करतात, त्याच जाळ्याची ही खालची गाठ होय. ज्या दोरीला धरून आबा वर चढले तीच दोरी दुसऱ्याच्या आड आली.

आबांबरोबर त्याच बैलगाडीच्या मागोमाग चालत, त्याच गाडीने, नळदुर्गचाच आणखी एक समवयस्क मुंबईस गेला होता. तेव्हाच्या महारवाड्यातला. दोघे लहानपणी बोरीच्या डोहात पोहत असत. मुंबईत उतरल्यावर आबा साचेखात्यात लागले व डिलाईल रोडच्या खोलीत गेले. तो कताईखात्यात लागला व वरळीच्या बीडीडी चाळीत आपल्या लोकांत राहू लागला. गिरणी एकच होती. मी बारा वर्षांचा असताना तो आबांना भेटावयास आला होता. दोघेजण चाळीच्या जिन्यात बसून गावच्या पावसाविषयी बोलले. खोलीत तो आला नाही, आणि आबांनी त्यास आत ये असे म्हटले नाही. तो गेल्यावर मी कारण विचारले. आबा बराच वेळ खोकत राहिले (साचेखात्याच्या कापसाने त्यांची छाती भरली होती, जो धोटा चोखण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवला होता, त्यानेच ती भरली) आणि मग म्हणाले, "सोळा जण आहेत आत. मी एकट्यानं बोलावून कसं चालेल?"

सूची करताना मला हे उत्तर वारंवार आठवले.

आता त्या सव्वापाचशे स्त्रियांकडे येतो. हजार पुरुषांमागे सव्वापाचशे, याचा अर्थ उरलेल्या बायका कोठे होत्या? गावी होत्या. आमची काकू लग्नानंतर बावीस वर्षे येथे नळदुर्गास राहिली. आबा वर्षाकाठी एकदा, पंधरा दिवस येत. शेजारच्या दोन गुंठ्यांत भाजी, घरी माग, सासूचे दुखणे, चार मुले आणि जत्रेचा सोयरापाहुणा हे सर्व तिने रेटले. चंदावरकरांच्या ग्रंथात गिरणीतील स्त्रियांची व खानावळी चालविणाऱ्या बायांची माहिती आहे, परंतु मागे राहिलेल्या स्त्रियांविषयी मला आणखी वाचावयास मिळते तर बरे झाले असते. ती उणीव काही अंशी दुसऱ्या एका ग्रंथाने भरून निघते. नीरा आडारकर व मीना मेनन या दोघींनी गिरणगावातील स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेऊन सन २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला; त्यास प्रस्तावना चंदावरकरांचीच आहे आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. मुंबईकडील मंडळींनी तो आपल्या आजीपुढे वाचून पाहावा. म्हातारी मध्येच थांबवून चार गोष्टी अधिक सांगेल, त्या टिपून माझ्याकडे पाठवाव्यात.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांस पुन्हा आत जाता आले नाही. आबा तोपर्यंत गावी परत येऊन वारलेही होते; संप सोसला तो त्यांच्या मुलांनी. त्या दोन वर्षांत येथून ज्वारीची पोती गेली. मुंबईचा पैसा गावी येण्याचा ओघ प्रथमच उलटा वाहिला. चुलतभावांपैकी एकाने भिवंडीस यंत्रमागावर काम धरले, दुसरा रखवालदार झाला. जेथे गिरण्या होत्या तेथे आता काचेच्या इमारती व मोठमोठे बाजार उभे आहेत. परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेत माझ्या नातीने मला नेऊन कॉफी पाजली. तिची किंमत ऐकून मी कपाकडे पुन्हा एकदा पाहिले.

तर आता मूळ सूचनेकडे. ज्याचे गावी घर नाही तो पुरवणीत. या नियमाप्रमाणे माझे नाव मुख्य सूचीत येईल, कारण पेठेतील घराच्या उताऱ्यावर माझे नाव आहे. माझ्या वडिलांच्या पश्चात ते लागले. आबांच्या मुलांचे नाव त्यावर नाही. ती मुंबईस होती, कोणी विचारले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मीही त्यांना तलाठ्याकडे बोलावले नाही. घर आबांच्या कलदारांनी सुटले, माडी त्यांच्या साच्यावर चढली, आणि नियम असा होणार की माडीवर बसलेला मी मतदार व ज्याच्या बापाने ती बांधली तो पुरवणीत! कार्यकारी मंडळाने निर्णय मजवर सोपविला तेव्हा ही गोष्ट मी बोललो नव्हतो. आज सर्वांसमक्ष बोलत आहे. चुलतभावांस मी गेल्या महिन्यात पत्र घातले असून उताऱ्यात त्यांची नावे लावण्याच्या अर्जावर सही करून ठेवली आहे. धाकटा भाऊ आज येथे तिसऱ्या रांगेत बसलेला आहे. त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

माझी शिफारस अशी. पुरवणी नको. 'मूळ गाव' हा रकाना राहू द्यावा आणि ज्याला जे लिहावेसे वाटेल ते त्याने लिहावे. अक्कलकोट लिहिणाऱ्यासही आपण अडवू नये. परंतु त्या रकान्याच्या खाली आणखी काही रकाने छापावेत. गाव कोणत्या साली सोडले. कोणाच्या ओळखीने सोडले. पहिले बिऱ्हाड कोणत्या भागात. काम कोणते व कोणत्या खात्यात. गावी पैसा अथवा गावाहून धान्य कोणत्या वर्षांपर्यंत जातयेत होते. आणि मागे राहिलेल्या बायकांची पूर्ण नावे व त्यांनी केलेली कामे. कागदात बायकांची नावे 'सौ.' आणि 'गं. भा.' एवढ्यावर संपतात, तसे या खेपेस होऊ नये. पोटभेदाचा रकाना मी वगळला आहे. काही वडीलधाऱ्यांची त्यास हरकत आहे असे समजते. त्यांनी ती आज सभेत मांडावी, मी ऐकावयास बसलो आहे.

आणखी एक रकाना मी शेवटी घातला आहे. 'बरोबर गेलेले गावकरी, कोणत्याही ज्ञातीचे.' आबांच्या त्या सोबत्याचा नातू आपल्याच गावात बसस्थानकाजवळ शिवणयंत्राचे दुकान चालवितो. मी त्याच्याकडे जाऊन त्याच्या आजोबांचे नाव व मुंबईस गेल्याचे साल विचारून आलो. साल त्याला नक्की ठाऊक नव्हते. आमच्या आबांचे तेच असेल, असे तो म्हणाला.

नवे कागद व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक कुटुंबास दोन प्रती मिळतील. शिसपेन्सिलीने भरले तरी चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी भोजनानंतर माझ्यापाशी बसावे, मी सांगेल तसे लिहून घेईन.